व्हीएफएक्सच्या (फिल्ममधल्या संगणकी दृश्यांच्या) नावाखाली माझे १,५०,७०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं. घरी एवढंच माहीत आहे की फिल्म लांबली. पण परवा ओळखीच्या एका मुलाने मला एक शोरील (कामाच्या नमुन्यांचा छोटा व्हिडिओ) पाठवलं, "ताई, हा माणूस कसा वाटतो, माझ्या शॉर्ट फिल्मचं काम देऊ का याला", आणि पहिल्या तीन सेकंदांत मला घाम फुटला. तेच शोरील, तेच म्युझिक, फक्त नाव वेगळं. म्हणून लाज बाजूला ठेवून सगळं लिहितेय, आकड्यांसकट.

आधीच सांगते, मी नवखी नाही. अकरा वर्षं एडिटिंग करतेय. प्लेट (ज्यावर इफेक्ट चढवायचा तो मूळ शॉट) म्हणजे काय, रोटो (शॉटमधली वस्तू कडेने कापून वेगळी काढणं) कशाला लागतं, ट्रॅकिंग (कॅमेऱ्याची हालचाल थ्रीडीला जुळवणं) न जमल्यावर शॉट कसा पोहतो हे मला कळतं. स्वतः थ्रीडी करत नाही, पण करणाऱ्यांच्या शेजारी बसून वर्षं काढलीत. तरीही फसले. त्यामुळे "आपल्याला यातलं कळतं, आपल्याला कोण फसवणार" असं वाटत असेल तर जरा थांबा आणि वाचा.

फिल्म २२ मिनिटांची आहे, धरणाच्या पाण्यात गेलेल्या एका गावावर. त्या गावाचा एकही फोटो कुणाकडे नाही. तिथल्या एका आजींनी, वय ८१, माझ्या वहीत स्वतःच्या हाताने गावाचा नकाशा काढून दिला. विहीर, विहिरीसमोर चिंच, चिंचेमागे त्यांचं घर, दार पूर्वेला. विहिरीचं वर्तुळ त्यांनी इतक्या वेळा गिरवलं की तिथे कागद फाटलाय. मला त्या नकाशावरून ९० सेकंद हवे होते, धरणाचं पाणी हळूहळू काचेसारखं होतं आणि खाली ते गाव दिसायला लागतं, एवढंच. चार शॉट, दोन ड्रोनचे, दोन काठावरून ट्रायपॉडवर. मी आजींना शब्द दिला होता की तुमचं दार दाखवीन.

फ्रीलान्स कामाच्या एका साइटवर हा भेटला. तीन जणांचे कोटेशन आले होते, एकाचं ३,१०,०००, एकाचं ९०,००० आणि याचं १,८०,०००. ९०,००० वाल्याला मी स्वतःहून नाही म्हटलं, इतक्या कमीत हे काम होतच नाही म्हणून. म्हणजे स्वस्ताच्या मोहात पडले असंही कुणी म्हणू नका. हे लोक मुद्दाम मधला आकडा सांगतात, पटेल असा.

दोन दिवसांनी म्हणाला, "मॅडम, साइट दोघांकडून कमिशन कापते, डायरेक्ट करू, तुमचे पण पैसे वाचतील." ही त्यांची ठरलेली पायरी आहे हे मला माहीत होतं. ऐकलेलं होतं, वाचलेलं होतं. पण तोपर्यंत आमचे तीन कॉल झाले होते, त्याने आजींच्या नकाशाबद्दल इतकं आपुलकीने विचारलं होतं, आणि बजेट माझ्या खिशातलं होतं. केलं डायरेक्ट. साइटवर पैसे अडकवून ठेवलेले असतात, काम मिळाल्यावर सुटतात, ते एकमेव संरक्षण मी स्वतःच्या हाताने काढून टाकलं. साइट सोडू नका. कमिशन गेलं तर जाऊ दे.

४० टक्के अॅडव्हान्स, ७२,००० रुपये, त्याच संध्याकाळी पाठवले.

आता तो क्षण. यावर मी रात्र रात्र जागलेय.

शूटच्या वेळी मी प्रत्येक शॉटचा डेटा घेतला होता. लेन्स २४ एमएम, कॅमेऱ्याची उंची १ मीटर ४२ सेंटीमीटर, सेन्सर, वेळ सकाळी ७:१०, सूर्य उजवीकडे. ग्रे बॉल आणि क्रोम बॉल (करडा आणि आरशासारखा चकचकीत गोळा) धरून फोटो काढले, लायटिंग जुळवायला लागतात म्हणून. लेन्सची वक्रता काढायला चौकटींचा ग्रिडसुद्धा शूट केला. थंडीत असिस्टंटला पाण्यात गुडघाभर उभं करून तो क्रोम बॉल धरायला लावला होता मी. हे सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि लिंक त्याला दिली. तो फोल्डर परवानगी मागितल्याशिवाय उघडत नव्हता. प्लेट्सच्या फोल्डरसाठी परवानगीचा मेल दहा मिनिटांत आला. डेटाच्या फोल्डरसाठी आलाच नाही. एक दिवस नाही, चार दिवस नाही, नऊ दिवस नाही.

नवव्या दिवशी त्याचा फोन, "ट्रॅकिंग झालं ताई." एव्हाना मॅडमची ताई झाले होते. मी विचारलं, लेन्सचा डेटा बघितला का? म्हणाला, "लागत नाही ताई, आता एआय सगळं काढतं."

तिथेच फोन ठेवायला हवा होता. तिथेच. कारण खरं काम करणारा माणूस तुमच्या मानगुटीवर बसतो, लेन्स सांगा, उंची सांगा, सूर्य कुठे होता सांगा, ग्रिड दिला का, इतका की वैताग येतो. ज्याला काही बनवायचंच नाही त्याला मोजमाप कशाला हवं. आणि मी काय केलं, तर स्वतःला समजावलं. सॉफ्टवेअर प्लेटवरून लेन्सच्या फोकल लेंग्थचा (तो एमएममधला आकडा) अंदाज काढू शकतं हे खरंच आहे, ड्रोनच्या शॉटवर तर बरेचदा तसंच करतात. म्हणजे त्याचं उत्तर पूर्ण खोटं नव्हतं. अर्ध खरं होतं आणि ते अर्ध मला माहीत होतं, म्हणून पुढचं मी माझं मीच भरून घेतलं. लाइटचं काय, हा प्रश्न तोंडात होता. क्रोम बॉलशिवाय तू सूर्य कुठे लावणार रे बाबा? नाही विचारलं. माणूस दुखावेल असं वाटलं.

मग सहा सेकंदांची टेस्ट क्लिप आली. घरं होती, पाणी होतं, पहिल्या नजरेला बरं दिसत होतं. पण घरांवर धुराडी. उतरत्या छपरांवर विटांची उंच धुराडी, परदेशातल्या खेड्यासारखी. आणि सावल्या उजवीकडे, जिकडे सूर्य आहे तिकडेच. विचारल्यावर म्हणाला, प्लेसहोल्डर आहेत, फायनलला बदलतील. आता प्लेसहोल्डर टाकतात हो, सगळेच टाकतात, पण ते सहसा करड्या रंगाचे साधे ठोकळे असतात, टेक्स्चर (पृष्ठभागाचे रंग-पोत) लावलेली तयार धुराडी नसतात. तो विकत मिळणाऱ्या मॉडेल्सचा पॅक होता, माझ्या प्लेटवर नुसता चिकटवलेला. मी टेस्ट मंजूर केली. ३६,००० गेले.

कुणीही टेस्ट पाठवली की तीच फ्रेम क्ले (रंग-पोत काढलेली) आणि वायरफ्रेममध्ये (नुसत्या जाळीच्या रेषांत) मागा. आणि स्क्रीन शेअर करून समोर सीन (थ्रीडीची मूळ फाइल) उघडायला लावा, कॅमेरा फिरवून दाखव म्हणावं. ज्याने बनवलंय त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. ज्याच्याकडे नाही त्याचं त्या दिवशी नेट बंद पडतं.

त्यानंतर रेंडर, म्हणजे थ्रीडी सीनमधून एकेक फ्रेम काढणं. म्हणाला एका फ्रेमला ४० मिनिटं लागतायत. ९० सेकंद, २५ फ्रेमच्या हिशोबाने २,२५० फ्रेम, म्हणजे एका मशीनवर १,५०० तास, साडेबासष्ट दिवस. फेस्टिव्हलची एंट्री बंद व्हायला २३ दिवस होते. रेंडर फार्म (भाड्याने मिळणाऱ्या खूप मशीन) घ्यावा लागेल ताई, ३८,५००. गणित मी स्वतः कॅल्क्युलेटरवर तपासलं, बरोबर आलं, आणि गणित बरोबर म्हणजे माणूस खरा असं धरून चालले. फार्मचे पैसे द्यायचेच असतील तर स्वतःच्या नावाने अकाउंट काढून थेट फार्मला द्या, तिथे जॉब दिसतो, कुठली फ्रेम कधी झाली दिसतं. त्याच्या खात्यावर देऊ नका. मी दिले.

शेवटचे ४,२०० तर आठवले तरी अंग जळतं. ईएक्सआर फ्रेम (व्हीएफएक्समध्ये वापरतात त्या मोठ्या इमेज फाइल) दोन टीबी होतायत, अपलोड होत नाहीत, हार्ड डिस्क आणि कुरिअरचे द्या म्हणाला. आमची डिलिव्हरी फुल एचडी होती. १६ बिट हाफ फ्लोट, चार चॅनल, कॉम्प्रेस न करता एक फ्रेम साधारण १६.६ एमबी. २,२५० फ्रेमचे होतात ३७ जीबी. दहा पास (रंग, सावली असे थर) वेगळे काढले तरी ४०० जीबीच्या आत. हा हिशोब मला येतो, तेव्हाही येत होता, पण आठ दिवस राहिले होते आणि मला फक्त बॉक्स दारात यायला हवा होता. ट्रॅकिंग नंबर दिला तो कुठल्याच कुरिअरकडे चालला नाही. दुसऱ्या दिवशी फोन बंद, प्रोफाइल गायब.

७२,००० अधिक ३६,००० अधिक ३८,५०० अधिक ४,२००. १,५०,७००.

मग जे आधी करायचं ते नंतर केलं. शोरीलमधल्या फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून इमेज सर्च मारला. वाळूत रुतलेल्या जहाजाचा शॉट, तो एका परदेशी आर्टिस्टचा निघाला, त्याने ब्रेकडाऊनसकट (शॉट कसा बनवला ते दाखवत) टाकलेला, उजव्या खालच्या कोपऱ्यात त्याचा लोगो. आमच्या माणसाच्या शोरीलमध्ये त्याच जागी धूसर चौकोन आहे, वाळू उडते तेव्हा तो थरथरतो. मी तेव्हा विचारलं होतं, तर क्लायंटचा लोगो आहे, एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, आहे म्हणाला. एनडीए या धंद्यात असतात, म्हणून गप्प बसले. रोज लोकांचे चेहरे लपवायला मी तोच ब्लर लावते.

आणि आता ज्यांच्याकडे न्याय मागायला गेले त्यांच्याबद्दल. बँक म्हणाली, ट्रान्सफर तुम्हीच केलंय, ओटीपी तुम्हीच टाकलाय, यात फ्रॉड कुठे आहे. समोरच्या खात्यावर होल्ड लावा म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा. साइटचं एकच उत्तर, तेच शब्द चार वेळा, बाहेर केलेल्या व्यवहाराला आम्ही जबाबदार नाही. अरे पण तो भेटला तुमच्याकडे, व्हेरिफाइडची खूण तुम्ही दिली त्याला! ती कशाच्या आधारावर दिली हे तरी सांगा. त्यावर उत्तर नाही, तिकीट क्लोज.

पोलिसांकडे पाच चकरा झाल्या. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी पिक्चर कुठला, हिरो कोण. डॉक्युमेंटरी आहे म्हटल्यावर समोरच्या माणसाचा सगळा रसच गेला. मग चॅटचे स्क्रीनशॉट प्रिंट काढून आणा, प्रत्येक पानावर सही. ६४ पानं झाली. चौथ्या खेपेला एका साहेबांनी माझ्या मोबाइलवर ती टेस्ट क्लिप बघितली आणि म्हणाले, "मॅडम, व्हिडिओ तर दिलाय की त्याने. काम आवडलं नाही म्हणजे फसवणूक होत नाही, हे सिव्हिल मॅटर आहे, वकील बघा." मी धुराडी दाखवली. सावल्या दाखवल्या. चोरलेला शॉट आणि मूळ शॉट शेजारी शेजारी लावून दाखवले. ते म्हणाले आम्हाला यातलं टेक्निकल कळत नाही. नाही कळत ना, मग कळणाऱ्याला विचारा! दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून दाखवून पैसे घेणं यात टेक्निकल काय आहे? पाचव्या खेपेला त्यांची बदली झाली होती आणि नवीन साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, पिक्चर कुठला. आता माझ्याकडे तक्रारीचा नंबर आहे, बाकी काही नाही. चार महिन्यांत एक फोन नाही. त्याचा खाते नंबर, दोन मोबाइल नंबर, मेल, सगळं त्या फाइलमध्ये आहे आणि तो मजेत दुसऱ्या नावाने तेच शोरील फिरवतोय.

एक चूक माझीही, तक्रार सहा दिवस उशिरा केली, लाज वाटत होती आणि कदाचित फोन लागेल असं वाटत होतं. तोवर खात्यातून पैसे काढून झाले असणार. संशय आला त्याच तासाला बँक आणि सायबर हेल्पलाइन, लाज नंतर.

अजून एक, प्लेट्स. पूर्ण रिझोल्युशनच्या मूळ प्लेट्स मी पहिल्याच दिवशी देऊन बसले, त्यात आजींचे शॉट पण होते, ते आता कुठे वापरले जातील मला माहीत नाही. आधी एकच शॉट द्या, लहान साइजमध्ये, त्यावर तुमचं नाव छापून. आणि करारात लिहून घ्या की प्रत्येक हप्त्याला ब्लेंडरमध्ये उघडेल अशी सीन फाइल मिळेल, टेक्स्चर आतमध्ये पॅक करून. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तुम्हाला थ्रीडी येत नसेल तरी उतरवून घ्या, फाइल उघडा आणि आत खरंच काहीतरी आहे का एवढं तरी बघा. एमपीफोर, म्हणजे नुसता व्हिडिओ, म्हणजे काम नाही.

फिल्म फेस्टिव्हलला गेली नाही. आजींना अजून सांगितलेलं नाही.

ते शोरील १ मिनिट १२ सेकंदांचं आहे. सुरुवातीला वाळूतलं जहाज, उजव्या खालच्या कोपऱ्यात थरथरणारा चौकोन. नाव आता तिसरं असेल. तुमच्याकडे आलं किंवा तुमचेही पैसे गेले असतील तर मला मेसेज करा. एकटीची तक्रार सिव्हिल म्हणून ढकलतात, पण एकाच चोरीच्या शोरीलवर तिघा-चौघांचे पैसे गेलेत हे एकत्र समोर ठेवलं तर पहिल्या दिवसापासून फसवायचाच हेतू होता हे त्यांना लिहून घ्यावंच लागेल. माझी ६४ पानं सही करून तयार आहेत.