पंचवटीत घेतलेली 'येवल्याची पैठणी' आम्हाला २८,०००ला पडली

आधी आकडे सांगते. मुलीच्या लग्नासाठी एक साडी १८,५०० रुपयांची, जावेसाठी दुसरी ९,८००ची. "ताई, तुमच्यासाठी म्हणून" वरचे ३०० सोडले आणि २८,००० घेतले. सांगलीतल्या आमच्या नेहमीच्या साडीवाल्याने दोन्ही साड्या नुसत्या हातात घेतल्या आणि म्हणाला, यंत्रमागाचा माल आहे, रेशीम नाही, दोन्हींचे मिळून साडेचार हजार म्हणजे डोक्यावरून पाणी.

रिक्षावाल्याचं कमिशन, "नुसतं बघा, घेऊ नका" हे सगळं तुम्हाला माहीत आहे, मलाही होतं. पण रामकुंडावरून आम्हाला फिरवायला निघालेला माणूस काही थापाड्या वाटत नव्हता. कपालेश्वरापुढे नंदी का नाही ते त्याने सांगितलं. नारोशंकराची घंटा वसईच्या विजयातून आली, तेही सांगितलं. काळारामाच्या दाराशी रिक्षा थांबवून बाबासाहेबांच्या १९३०च्या सत्याग्रहाबद्दल बोलला. सगळं खरं. अशा माणसाने शेवटी "येवल्याच्या विणकरांचं केंद्र आहे, मधे दलाल नाही" म्हटलं, तर तेवढंच खोटं धरायचं? सांगा ना, तुम्ही धरलं असतं? (रिक्षाचे ६०० वेगळे. ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.)

दुकानात शिरताच समोर हातमाग आणि त्यावर एक वयस्कर बाबा. मागावर मोराचा पदर, पिसारा झालेला, मान विणायची राहिलेली. मी फोटो काढला. आमच्या नणंदबाई नाशिकलाच कॉलेज रोडला राहतात. महिन्याभराने त्या तिथे जाऊन आल्या, तर मोर तसाच, मान अजून राहिलेलीच! त्यांचं एकच पालुपद, "वहिनी, मला एक फोन केला असता तर?" त्यांच्याच घरच्या वास्तुशांतीची धांदल चालली होती, कुणाला फोन करणार?

आता ती जाळी. हे आठवलं की अजून डोकं फिरतं. पैठणी मागून बघायची हे मला आईने शिकवलंय. हातमागावर प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेतच फिरून शेजारच्या धाग्यात गुंततो, म्हणून मोर मागूनही पुढच्याइतकाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागाच्या साडीला मागे धागे सुटे लोंबतात. मी पदर उलटा केला. मागे पदरभर बारीक पांढरी जाळी शिवलेली. विचारलं, ही कशाला? तो शांतपणे म्हणाला, "ताई, बांगडीत धागे अडकू नयेत म्हणून. महाग साडीलाच लावतो." आणि मी मान डोलावली! अहो, मागे धागेच नाहीत तर अडकणार काय? उत्तर त्याच्याच तोंडून बाहेर पडलं होतं. पण तेवढ्यात दुसऱ्याने चहा पुढे केला, तिसऱ्याने मुलीच्या खांद्यावर साडी टाकली, आमचे हे घड्याळ बघायला लागले. तीन माणसं तीन बाजूंनी बोलत असताना कुणाचं डोकं चालतं?

फॉल लावणाऱ्या बाईंनी जाळी उसवली आणि धाग्यांचं जंजाळ हातात आलं. तिथेच पदरातला एक धागा काढून काडी लावली. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. याची कडक काळी गोळी झाली.

२०,००० यूपीआयने दिले आणि ८,००० रोख, कारण "जीएसटी वाचेल". यूपीआयवर दुकानाचं नाव नाही, कुणा माणसाचं नाव आलं. बिल बघा कसलं! "साडी २ नग, विकलेला माल परत घेतला जाणार नाही." पैठणी हा शब्दच नाही, जीएसटी नंबर नाही. दुकानात फोन केला तर "कोणती पैठणी? आम्ही फॅन्सी साडी विकली." त्यानंतर फोन उचललाच नाही.

नणंदेचे यजमान पोलिसांकडे गेले. तिथले साहेब म्हणे, "साडी नेसता येते ना? मग फसवणूक कसली?" वर "बिलावर पैठणी लिहिलंय का?" तक्रार अर्ज ठेवून घ्या म्हटलं तर हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक मंचात जा. पोच द्या म्हटलं तर साहेब जेवायला गेले. पर्यटनाच्या कार्यालयात फोन केला, त्यांनी दुसरा नंबर दिला, त्या नंबरवाल्याने पुन्हा पहिलाच! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मात्र माणूस नीट बोलला, तक्रार क्रमांक दिला, आणि काही दिवसांनी मेसेज आला, समोरून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. समोरून प्रतिसाद असता तर मी तुम्हाला कशाला फोन केला असता? पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपण अभिमानाने सांगतो. त्या नावाने प्लॅस्टिक विकणाऱ्याला विचारणारं कोणी आहे का? येवल्यात खरे विणकर एका साडीसाठी महिनोन्महिने मागावर बसतात, त्यांच्याही पोटावर हा पाय आहे.

जाळी लावलेली पैठणी दुकानातच उसवून मागा. नाही म्हणाले तर उठा, चहा अर्धा टाकून उठा. सिल्क मार्क असला तरी तो फक्त रेशमाचा, विणकाम हाताचं आहे हे त्यातून कळत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. आमच्या साडीवर होतं ते दुकानानेच छापलेलं 'शुद्ध रेशीम'चं गोल स्टिकर. बिलावर "हातमागाची पैठणी, शुद्ध रेशीम" असं लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि येवल्याचीच हवी असेल तर येवल्याला जा. नाशिकहून ऐंशीएक किलोमीटर आहे, रिक्षात बसून पंचवटीत येत नाही ते.

ग्राहक आयोगात तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यातही करता येते, नाशिकला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. हे आम्हाला एकाही कार्यालयाने सांगितलं नाही, शेजारच्या वकिलीणबाईंनी सांगितलं. सांगलीत तक्रार दाखल केली आहे. दोन्ही साड्या, उसवलेली जाळी आणि ती जळकी गोळीसुद्धा पुरावा म्हणून पिशवीत बांधून ठेवायला सांगितलंय. मुलीच्या लग्नाला पैठणी पुन्हा घ्यायचीच आहे. यजमान म्हणतात, या वेळी दुकानात मी बोलणार. बोलू देत, पण पदर मीच उलटा करणार.