ल्युअर बनवायचा किट: बॉडी झकास, गऱ्या भंगार

ल्युअर म्हणजे मासा फसवायचं, गऱ्या लावलेलं खोट्या मासोळीचं आमिष. ते घरी बनवायच्या किटबद्दल हे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा ऑनलाइन तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे आणि आतला माल डोळे मिटून सांगावा इतका सारखा. किंमत १३५० रुपये. आत दहा बिनरंगी पारदर्शक प्लास्टिक बॉडी, प्रत्येकी ९ सेंमी. शिवाय चिकटवायचे डोळे, तीन काट्यांच्या वीस गऱ्या, स्प्लिट रिंगांची (गरी ल्युअरला अडकवायच्या दुहेरी वेढ्याच्या बारीक कड्या) पुडी, यूव्ही रेझिनची (अतिनील प्रकाशात घट्ट होणारा पारदर्शक लेप) एक ट्यूब आणि ते सुकवायला बोटभर यूव्ही बॅटरी, म्हणजे टॉर्च. रंग आपले आपण आणायचे.

चांगल्या कंपनीचा तयार ल्युअर सहाशे-सातशेच्या खाली येत नाही आणि आमच्या कर्लीच्या खाडीत कालवांच्या खडकात अडकला की गेलाच. दोरी तोडताना खिशातून नोटा पाण्यात सोडल्यासारखं वाटतं. म्हणून हा उद्योग. धंद्याने मी मोटर रिवायंडिंगवाला, त्यामुळे पक्कड, वार्निश, बारीक ड्रिल हे सगळं टेबलावर असतंच. नसेल त्याने हजारभर रुपये वेगळे धरावेत.

आधी बॉडीबद्दल, कारण पैसे वसूल होतात ते तिथेच. दोन अर्ध्या शिंपा मशीनवर जोडलेल्या, आत स्टीलच्या गोळ्या. फेकताना गोळ्या शेपटीकडे धावतात, त्यामुळे ल्युअर सरळ आणि लांब जातो. ओढायला लागलं की पुढे येतात आणि खुळखुळतात. घरी लाकडातून हे जमवणं म्हणजे डोकेदुखी. जोड पक्का आहे का, ते रंगवण्याआधी बघायचं. कढत नको, हात बुडवता येईल इतक्या गरम पाण्यात बॉडी दाबून धरायची. आतली हवा फुगते आणि जिथे फट असेल तिथून बारीक बुडबुड्यांची माळ निघते. माझ्या दहातल्या दोन गळक्या निघाल्या. दोन्ही हनुवटीखाली, जिथे ओठाची पट्टी (ल्युअरला पाण्यात खाली नेणारी तोंडाशी लावलेली चपटी जीभ) सुरू होते तिथेच. सुपरग्लूचा एक थेंब, काम झालं. पण न बघता रंगवलं असतं तर खाडीत बुडालेलं खेळणंच मिळालं असतं.

ओठाची पट्टी दोन प्रकारची दिलीय. जी अंगाच्या रेषेत पुढे निघालीय ती ल्युअरला खोल नेते, जी खाली उभी वळलीय ती वरच्या वर चालवते. आमच्याकडे ओहोटीला दोन-तीन मीटर पाणी, त्यामुळे लांब ओठवाल्या पाचही बाजूला ठेवल्या. धरणावर जाणाऱ्याला किंवा होडीतून खोल पाण्यात टाकणाऱ्याला त्याच आवडतील.

आता गऱ्या. पाकिटावर स्टेनलेस लिहिलंय. एक गरी रात्रभर खाडीच्या पाण्याच्या पेल्यात टाकून ठेवली, सकाळी टोकांवर तांबूस बुरा. बरं, गंज एक वेळ चालेल, वाकणं कसं चालणार? दीड किलोची एक तांबोशी लागली आणि खारफुटीच्या मुळांकडे वळायच्या आत मागच्या गरीचे दोन काटे सरळ करून गेली. स्प्लिट रिंग मी हुकवाल्या वजनकाट्याला लावून ओढल्या, सहा किलोच्या आसपास फाकायला लागतात. चणक म्हणजे तुमचा जिताडा, तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो तेव्हा तेवढा ओढा सहज पडतो. तेव्हा गऱ्या आणि रिंगा दोन्ही सरळ भंगारात. चार नंबरच्या जाड गऱ्या आणि बऱ्या रिंगा वेगळ्या घ्या, दर ल्युअरमागे सत्तर-ऐंशी रुपये वाढतात.

गऱ्या बदलल्याचा एक फायदा मात्र झाला, तो कुठे लिहिलेला नाही. बॉडीवर ‘सस्पेंडिंग’ छापलंय, म्हणजे ओढणं थांबवलं की ना वर यायचं ना बुडायचं. विहिरीच्या पाण्याच्या बादलीत ते तसंच वागतं. खाडीच्या पाण्यात हळूच वर येतं. कारण साधं आहे: समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड, म्हणजे १२ ग्रॅमच्या ल्युअरला ते पाव ग्रॅमहून थोडं जास्तच उचलतं. जाड गऱ्यांचं वाढीव वजन नेमकं तिथे कामाला येतं. पावसाळ्यात खाडी गोडी होते तेव्हा हाच ल्युअर तळाला बसेल, तेव्हा पुन्हा बारीक गरी. बादलीत नळाचं पाणी घेऊन चाचणी करू नका, जिथे टाकणार तिथलं कॅनभर पाणी आणा.

रेझिन बरं आहे, बॅटरी निव्वळ शोभेची. तासभर धरली तरी वरचा थर चिकटच. कोकणातलं ऊन असताना बॅटरी हवी कशाला? दुपारी पाच मिनिटं अंगणात टांगला की खडखडीत. फक्त ट्यूब सावलीत उघडायची, पडवीत उन्हाच्या तिरपीत उघडली तर तोंडाशीच गोठते. आणि हातमोजे घाला, कच्च्या रेझिनने कातडीला खाज सुटते. मी पुढच्या खेपेला दोन भागांचं इपॉक्सी वापरलं. ते ओघळू नये म्हणून ल्युअर सतत फिरवत ठेवावा लागतो. कूलरच्या झडपा हलवणारी छोटी मोटर असते ना, मिनिटाला पाच-सहा फेरे घेणारी, ती त्याला अगदी बेतशीर. खवल्यांसाठी लसणाची जाळीची पिशवी ताणून वरून स्प्रे मारला. रंगलेले ल्युअर दोरीवर टांगलेले बघून शेजारचे तात्या म्हणाले, “ह्या रंगपंचमीक मासो गावतलो काय रे?” त्यांचं अख्खं आयुष्य जिवंत सुंगटाच्या, म्हणजे कोळंबीच्या, गरीवर गेलंय. “गावलो तर पयलो तुमका,” म्हटलं. ती तांबोशी त्यांच्याकडेच गेली.

किट न घेता होतं का? होतं की. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ च्या सुमारास पहिला ल्युअर बुचाचा तासला, वर चॉकलेटचा चंदेरी कागद आणि वितळवलेल्या फोटो निगेटिव्हचा लेप दिला. आमच्याकडे पांगारा आहे. सावंतवाडीची खेळणी ज्याची करतात तेच हलकं, मऊ लाकूड. पण एक लाकडी ल्युअर तासून, पोटात शिसं बसवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत तार घालून सरळ पोहायला लावायचा तर दोन रविवार जातात. लाकूड पाणी पितं, त्यामुळे लेप कुठे खरवडला की वजन बदललंच. ज्याला तासण्यातच मजा येते त्याने पांगारा घ्यावा. ज्याला मासे धरायचेत आणि रंगकामाची थोडी हौस आहे, त्याला हा किट.

विक्रेत्याला गऱ्यांचे फोटो पाठवले. उत्तर आलं, सगळा किट परत पाठवा, पैसे देतो. तोवर बऱ्याच बॉडी रंगून झाल्या होत्या, नाही पाठवला. त्याच विक्रेत्याकडे नुसत्या बॉडी दहाच्या पाकिटात ६०० रुपयांना मिळतात, खाली स्क्रोल केलं की दिसतं. मी दुसऱ्यांदा त्याच घेतल्या. किटला पाचपैकी अडीच, नुसत्या बॉडींना साडेचार. अर्धा कापला तो त्या दोन गळक्या हनुवट्यांसाठी.