हानिया की नाफ्प्लियो: समुद्राकडे तोंड असलेली खोली घेण्याआधी

आतेबहिणीचा फोन आला तेव्हा तिचं अर्धंअधिक ठरलेलं होतं. सप्टेंबर अखेरीस ग्रीस, अथेन्समध्ये तीन रात्री आणि मग चार रात्री "कुठल्यातरी जुन्या गावात, समुद्राला लागून, एखादं लहानसं छान हॉटेल". बरोबर नवरा आणि सासूबाई. सासूबाई बहात्तरच्या, तब्येत ठणठणीत, फक्त उजवा गुडघा कुरकुरतो. तिने दोन फोटो पाठवले होते. दोन्हींत लाकडी झडपांची उघडी खिडकी, पांढरा पडदा आणि पलीकडे पाणी. एक क्रीट बेटावरच्या हानियाचा, दुसरा पेलोपोनीजमधल्या नाफ्प्लियोचा. "सांग, कुठलं घेऊ?"

मी दोन्हीकडे राहिलोय, हानियात तर दोनदा. पण फोटो बघून काही सांगता येईना, कारण ही दोन गावं फोटोत बहिणी-बहिणी दिसतात. दोन्हीकडे व्हेनिसवाले होते, मग ऑटोमन तुर्क आले. त्यामुळे किल्ला, मशिदीचा घुमट, अरुंद बोळ आणि फुटलेल्या रंगाच्या उंच भिंती दोन्हीकडे आहेत. जुन्या वाड्यांची आठ-दहा खोल्यांची बुटीक हॉटेलं झालीत तीही दोन्हीकडे. फरक फोटोत मावत नाही. खिडकीखाली रात्री काय चालतं आणि त्या खिडकीपर्यंत पोचायचं कसं, हे विचारावं लागतं. मी तिला म्हटलं, हानियात समुद्र दिसण्याची किंमत झोपेत मोजावी लागते, नाफ्प्लियोत गुडघ्यात.

हानिया: पाणी दोन हातांवर

हानियाचं जुनं बंदर चौदाव्या शतकापासून व्हेनिसने वसवत नेलं. 1645 मध्ये ते तुर्कांनी घेतलं, आणि धक्क्यावरची घुमटांची मशीद त्यानंतरची. समोर दीपगृह, डावीकडे फिर्कासचा कोट. क्रीट ग्रीसला जोडलं गेलं तेव्हा 1 डिसेंबर 1913 ला झेंडा याच कोटावर चढला. धक्क्याला लागून घरांची रांग आहे, तीन-चार मजली आणि अंगाने बारीक. खाली खानावळ किंवा बार, वर हॉटेल. टेबलं जवळजवळ पाण्यात.

पहिल्या खेपेला मी हट्टाने बंदरासमोरचीच खोली घेतली, तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी खिडकीत उभा राहिलो आणि पैसे वसूल झाले असं वाटलं. दीपगृहावर दिवे लागले, पाण्यात त्यांच्या पिवळ्या रेघा उतरल्या, खालून लसूण आणि तळलेल्या माशाचा वास येत होता. रात्री दोनला वासाचं कौतुक संपलं होतं. अडीचला बार बंद झाला आणि दगडी फरशीवरून लोखंडी खुर्च्या ओढायला सुरुवात झाली, एकेक करून, कुठलीही घाई न करता. कुठे डोळा लागतो तोच सकाळी माल उतरवणाऱ्या गाड्या आल्या. दिवसा धक्क्यावर गाड्यांना बंदी असते, म्हणून बाटल्यांचे क्रेट, बर्फ, भाजी सगळं सकाळीच उतरवून घेतात. खिडकीच्या काचा दुहेरी होत्या, असं हॉटेलच्या जाहिरातीत म्हटलं होतं. एक काच मला सापडली, दुसरी सापडली नाही.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो. फिर्कासच्या मागे टोपानास नावाची वस्ती आहे, तिथे दुसऱ्या बोळात खोली घेतली. खिडकीतून बोगनवेल आणि शेजाऱ्याची वाळत घातलेली चादर. बंदर पायी दोन मिनिटांवर. झोप अशी लागली की न्याहारी चुकता चुकता राहिली. समुद्र पाहिजे तेव्हा जाऊन बघावा, उशाला कशाला हवा?

आतल्या बोळांतही एक ग्यानबाची मेख आहे. मे 1941 मध्ये जर्मनांनी क्रीटवर हल्ला केला तेव्हा या गावावर बेसुमार बॉम्ब पडले. छपरं उडाली, भिंती राहिल्या. अशा काही बिनछपराच्या घरांत आता उपाहारगृहं चालतात. जेवायला फार सुरेख जागा, वर तारे, चारी बाजूंना जुना दगड. पण बझुकी हे ग्रीक तंतुवाद्य घेऊन कुणी वाजवायला बसला की आवाज विहिरीतून यावा तसा घुमून वर येतो, आणि शेजारच्या हॉटेलची खिडकी नेमकी तिथेच असते. म्हणून नकाशावर हॉटेलचा पत्ता बघून भागत नाही, शेजारच्या दारात काय आहे तेही बघावं. मला विचाराल तर पूर्वेकडची स्प्लांझिया ही वस्ती मुक्कामाला जास्त चांगली. चौकात मोठं चिनाराचं झाड, खाली कॉफीवाले, आणि सेंट निकोलसचं देऊळ, ज्याला एका बाजूला घंटाघर आहे आणि दुसऱ्या बाजूला मिनार. इथे पत्ते कुटत बसलेले म्हातारे दिसतात, बंदरावर दिसत नाहीत.

नाफ्प्लियो: वर चढाल तेवढं दिसेल

नाफ्प्लियो आकाराने लहान. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर 1834 मध्ये राजधानी अथेन्सला जाईपर्यंत देशाचा कारभार इथून चालला. पहिले राज्यप्रमुख कापोडिस्ट्रियास यांचा 1831 मध्ये सेंट स्पिरिडॉनच्या देवळाच्या दारात खून झाला. दाराजवळ गोळीची खूण आजही दाखवतात. देऊळ इतकं लहान आणि बोळ इतका चिंचोळा की इतिहास घडायला एवढीशी जागा पुरते याचं नवल वाटतं.

गावाची ठेवण समजली की हॉटेलचं गणित सुटतं. खाली बंदर, मधे संगमरवरी फरशीचा सिंतागमा चौक, आणि चौकामागे गाव पायऱ्यापायऱ्यांनी अक्रोनाफ्प्लियाच्या डोंगराकडे चढत जातं. बंदरासमोरच्या सपाट रस्त्यावर हॉटेलं आहेत, पण त्यांच्या पुढ्यात गाड्यांचं मोठं पार्किंग. समुद्र दिसतो, आधी मोटारींची टपं दिसतात. खरा देखावा वरच्या बोळांत मिळतो: कौलांचा उतार, त्यापलीकडे खाडी, खाडीत बुर्झी नावाचा चिमुकला जलदुर्ग. व्हेनिसवाल्यांनी तो पंधराव्या शतकात बांधला. पुढे जल्लाद तिथे राहायचे आणि विसाव्या शतकात काही वर्षं चक्क हॉटेल होतं. आपल्याकडचे जंजिरे बघितलेल्या माणसाला तो खेळण्यातला वाटेल, पण संध्याकाळी अर्काडियाच्या डोंगरांमागे सूर्य गेला की नजर हटत नाही.

आणि शांतता. बोळातून गाडी जाऊच शकत नाही, बार खाली राहिले, रात्री फार तर एखादं मांजर. या सगळ्याची किंमत म्हणजे पायऱ्या. चौकापासून हॉटेलच्या दारापर्यंत साठ-सत्तर, मग हॉटेलच्या आतला लाकडी जिना. वाडे संरक्षित असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. चाकांची बॅग इथे निव्वळ ओझं. बाहेर पडताना छत्री विसरलात तर भिजणं पत्करलेलं बरं.

गावाच्या डोक्यावर पालामिदीचा किल्ला आहे. 1711 ते 1714 मध्ये व्हेनिसने तो बांधला आणि 1715 मध्ये तुर्कांनी घेतला. एवढा खर्च करून वर्षभरसुद्धा नीट उपभोगता आला नाही. त्याच्या पायऱ्या 999 असं सगळे सांगतात, मोजणाऱ्यांच्या कमी भरतात. रायगड चढलेल्यांनी सकाळी आठच्या आत चढावा. सासूबाईंसाठी मागून दरवाजापर्यंत गाडीरस्ता आहे, टॅक्सी थेट वर सोडते.

पोहायचं असेल तर

इथे हानिया सहज जिंकतं. गावातल्या नेआ होरा चौपाटीपर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं, वाळू, उथळ पाणी. गाडी घेतली तर एलाफोनिसी आणि बालोससारखे किनारे, मात्र एलाफोनिसी पंचाहत्तर किलोमीटर वळणावळणाचं आहे आणि अख्खा दिवस खातं. नाफ्प्लियोत जवळचा किनारा अर्वानितिया, तिथे गोटे आहेत आणि पाणी लगेच खोल होतं. डोंगराला वळसा घालून तिकडे जाणारी समुद्राकाठची वाट अप्रतिम आहे, पण वरून दगड सुटतात म्हणून ती मधूनमधून बंद ठेवतात. वाळू हवी तर तीनेक किलोमीटरवर काराथोना.

बाकी फिरण्याचं पारडं मात्र उलटं झुकतं. नाफ्प्लियोहून मायसिनीचा सिंहद्वाराचा किल्ला आणि एपिडॉरसचं प्राचीन नाट्यगृह, दोन्ही तासाभराच्या आत; सकाळी निघून जेवायला परत. एपिडॉरसला वरच्या पायरीवर बसून खाली कुणी कागद फाडला तरी ऐकू येतो म्हणतात. मला कागद नाही ऐकू आला, पण खाली उभं राहून एका शाळकरी मुलीने म्हटलेलं गाणं शब्दन् शब्द आलं. हानियाहून नोसोसचा प्राचीन राजवाडा बघायचा तर हेराक्लिओनपर्यंत दोन-अडीच तास जायचे आणि तेवढेच यायचे. सामारियाची घळ 16 किलोमीटर पायी, मे ते ऑक्टोबरच उघडी. गुडघा असणाऱ्यांनी विषय काढू नये.

पोचण्याचं म्हणाल तर अथेन्सहून नाफ्प्लियो बसने अडीच तासांच्या आसपास. हानियाला विमानाने पाऊण-एक तास, नाहीतर अथेन्सच्या पिरेअस बंदराहून रात्रभराची बोट, जी पहाटे हानियाजवळच्या सूदा बंदरात सोडते. बोट मला आवडते, पण चार रात्रींतली एक ती खाते.

वार बघा, महिना बघा

भाड्याचं एक गुपित ग्रीक लोकांना ठाऊक असतं आणि आपल्याला नसतं. नाफ्प्लियो हे अथेन्सवाल्यांचं लोणावळा. शुक्रवारी संध्याकाळी गाड्यांची रांग लागते, रविवारी दुपारी ओसरते. तीच खोली शनिवारी जेवढ्याला मिळते त्याहून मंगळवारी बरीच स्वस्त, आणि मंगळवारी मालकाला तुमच्याशी बोलायला वेळही असतो. म्हणजे रविवारी जा, गुरुवारी निघा. याच गिऱ्हाइकामुळे हे गाव जानेवारीतही जागं असतं. हानियात वारापेक्षा महिना महत्त्वाचा. जुलै-ऑगस्ट टाळा. नोव्हेंबर लागला की बरीच लहान हॉटेलं कुलूप लावतात आणि उत्तरेच्या वाऱ्यात लाटा थेट धक्क्यावर चढतात.

ऑनलाइन दिसणाऱ्या भाड्यात एक रक्कम बहुधा धरलेली नसते: सरकारचा हवामान-कर. 2025 च्या दरांनुसार एप्रिल ते ऑक्टोबर दर खोलीला दर रात्री तीन तारांकित हॉटेलात 5 युरो, चार तारांकितात 10, पाच तारांकितात 15. काउंटरवर वेगळा भरावा लागतो. दोन खोल्या, चार रात्री, चार तारे म्हणजे 80 युरो. आधी माहीत असलं की नवऱ्याबरोबर काउंटरवर वाद होत नाही.

शाकाहारी माणसाचे हाल दोन्हीकडे होत नाहीत. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवास इतके असतात की "निस्तिसिमो" म्हणजे उपासाचं, एवढा शब्द पाठ केला की मांस, अंडी, दूध नसलेले पदार्थ पुढ्यात येतात; फक्त शिंपले-माकुळ त्यांना उपासाला चालतात, तेवढं आधी विचारावं. हानियात दुधी-बटाट्याच्या जवळ जाणारं बुरेकी आणि टोमॅटो घातलेला डाकोस हा कडक टोस्ट जरूर खा. नाफ्प्लियोभोवती सगळ्या संत्र्याच्या बागा. न्याहारीला घट्ट दह्यावर संत्र्याच्या सालीचा मुरांबा येतो. सासूबाई त्याची कृती मागणार, हे मी आधीच सांगून ठेवलं.

दोन्हीकडच्या जुन्या वाड्यांना सारख्याच खोडी आहेत. न्हाणीघर जिन्याखाली कोंबलेलं असतं. टॉयलेटपेपर कमोडमध्ये नव्हे, शेजारच्या डब्यात टाकायचा, कारण पाइप अरुंद. दुपारी तीन ते पाच गाव झोपतं.

पाच-सहा रात्री, पाय धडधाकट आणि पोहण्याची हौस असती तर मी डोळे मिटून हानिया म्हटलं असतं, आतल्या बोळातलं. चार रात्री आणि सासूबाई म्हटल्यावर नाफ्प्लियो म्हटलं, रविवार ते गुरुवार. पण कुठेही पैसे भरण्याआधी ईमेल करून एकच प्रश्न विचार, असं तिला बजावलं: टॅक्सी जिथे थांबते तिथून पलंगापर्यंत पायऱ्या किती?

तिने नाफ्प्लियोतल्या दोन ठिकाणी विचारलं. एकाचं उत्तर अर्ध्या तासात आलं: "फक्त थोड्याशा." दुसऱ्याचं दुसऱ्या दिवशी. मालकीणबाईंनी लिहिलं होतं, आज सकाळी उतरून मोजल्या, 83 आहेत. तुमच्या सासूबाईंसाठी आमच्याच खालच्या घरात अंगणाकडची एक खोली आहे, तिला तीनच पायऱ्या. समुद्र दिसत नाही, लिंबाचं झाड दिसतं. ती स्वस्त आहे.