आधी मुद्दे की आधी मजकूर? निबंध शिकवण्याच्या दोन पद्धती

निबंध शिकवायला बसलं की पहिलाच प्रश्न येतो: मुलाला आधी मुद्दे काढायला लावायचे, की सुचेल तसं लिहू देऊन नंतर ते नीट करून घ्यायचं? दोन्ही पद्धती चालतात, पण मुलं अडखळतात ती वेगवेगळ्या जागी.

मुद्द्यांची पद्धत वैचारिक निबंधाला उत्तम. 150 शब्दांच्या निबंधाला दोनच मुद्दे पुरतात. आरंभ 25 शब्दांचा, मधले दोन परिच्छेद 50-50 शब्दांचे आणि शेवट 25 शब्दांचा. अर्धा तास असेल तर पाच मिनिटं मुद्द्यांना, वीस लिहायला, उरलेली पाच वाचून तपासायला.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे एका शब्दाचे मुद्दे. 'वाचनाचे फायदे' या विषयावर मूल 'ज्ञान', 'माहिती', 'अभ्यास' असं लिहून ठेवतं आणि तीन परिच्छेदांत एकच गोष्ट तीनदा सांगतं. कारण सुटा शब्द काहीच विधान करत नाही. मुद्दा क्रियापदासकट, पूर्ण वाक्यात लिहायला लावा: 'पुस्तकात नवा शब्द वाक्यासकट भेटतो, म्हणून तो लक्षात राहतो.' यातल्या 'म्हणून'मुळे परिच्छेदाला पुढे जायला वाट मिळते. उदाहरण कुठलं द्यायचं तेही कळतं.

वर्णनाच्या किंवा प्रसंगाच्या निबंधाला मात्र हीच पद्धत मारक ठरते. पावसाचे मुद्दे काढले की 'ढग, वारा, आनंद' अशी यादी होते आणि निबंधही यादीसारखाच कोरडा उतरतो. तिथे आधी लिहू द्यावं. दहा मिनिटं न थांबता, न खोडता. शुद्धलेखन नंतर बघू. पहिली तीन-चार वाक्यं बहुतेक वेळा 'पाऊस मला खूप आवडतो' या थाटाची असतात. मग एखादं खरं वाक्य येतं: 'खिडकीच्या गजावर थेंब ओळीने लटकले होते, एक पडला की मागचा त्याच्या जागी सरकत होता.' निबंध इथून सुरू करायचा आणि आधीची वाक्यं काढून टाकायची. मुलांना ती काढवत नाहीत, लिहिलेलं वाया गेलं असं वाटतं. म्हणून पेन्सिलने नुसती रेघ मारू द्या, खोडरबर नको.

या पद्धतीत वेळ दुप्पट लागतो, कारण पुन्हा लिहावं लागतं. परीक्षेत तेवढी सवड नसते. शिवाय पहिल्या खर्ड्यात 'आणि मग', 'त्यानंतर' यांची रांग लागते; मोठ्याने वाचलं की ती कानाला लगेच खटकते.

नमुना निबंध पाठ करण्याची तिसरी वाट आम्ही सुचवणार नाही. 'पावसाळा' पाठ असलेल्या मुलाला 'पाऊस पडलाच नाही तर' हा विषय आला, की ते पावसाळाच लिहून ठेवतं.

तुमच्या मुलाला सुरुवात कशाने करून द्यावी हे ठरवायला एक सोपी चाचणी आहे. विषय द्या आणि दोन मिनिटं तोंडी बोलायला सांगा. भरपूर बोलतं पण या विषयावरून त्या विषयावर उड्या मारतं, त्याला मुद्दे द्या. दोन वाक्यांत गप्प होतं, त्याला आधी लिहू द्या. साधारण चार-पाच निबंधांनंतर दुसरी पद्धतही हाताशी द्या.