बारा हजार, पण कोणत्या रुपयांचे?

कर्णाली नदीवरून आठ दिवस कयाकने (वल्हवायच्या छोट्या अरुंद बोटीने) खाली येऊन चिसापानीच्या पुलाशी सुखरूप किनाऱ्याला लागलो, म्हणजे आता जोखीम संपली, असे मानण्याची चूक आम्ही चौघांनी नोव्हेंबर 2019मध्ये केली. पाण्यात आमचे काहीही गेले नाही. जे गेले ते कोरड्या जमिनीवर आणि डांबरी रस्त्यावर गेले. पश्चिम नेपाळच्या नद्यांवर जाणाऱ्या मराठी मंडळींची संख्या आता वाढते आहे, म्हणून तो प्रकार सविस्तर लिहितो.

आम्ही चौघेही कोलाडला, कुंडलिकेवर शिकलेलो. तिथे सकाळी धरणाचे पाणी सुटते, दोन-तीन तासांत उतरण्याचे ठिकाण येते आणि तिथे आपलीच गाडी उभी असते. कर्णाली ही नेपाळमधील सर्वांत लांब नदी आणि तिच्यावरचा प्रवास अगदी वेगळ्या जातीचा आहे. तंबू, शिधा, भांडी सगळे बोटीतच कोंबायचे, वाळूवर मुक्काम करायचा, आणि मधल्या बऱ्याच पट्ट्यात फोन म्हणजे निव्वळ वजन. सुरुवातीचे मोठे रॅपिड, म्हणजे खडकांतून उसळत जाणारे वेगवान पाण्याचे टप्पे, ओलांडून सेती नदीचा संगम मागे पडला की पाणी संथ होते. पण शेवटचे दोन दिवस नुसते वल्हवून खांदे भरून येतात. अशा अवस्थेत, आठ दिवस जगाची काहीही खबर नसलेला माणूस काठावर पाय ठेवतो आणि पहिला जो भेटेल त्याला विचारतो, ‘बस केव्हा आहे?’ त्या एका प्रश्नातून आपल्याला काय माहीत नाही, ते समोरच्याला पुरते कळते.

आम्हाला भेटलेला गृहस्थ अत्यंत अदबीने बोलणारा होता. दोरीला हात लावून बोटी वर ओढण्यास मदत करीत त्याने हिंदीत सांगितले की आज चक्काजाम आहे, सकाळपासून एकही बस सुटलेली नाही, उद्याचेही सांगता येत नाही. नेपाळमध्ये बंद आणि चक्काजाम नवलाचे नाहीत, त्यामुळे शंका आली नाही. वास्तविक चिसापानी महेंद्र राजमार्गावर आहे आणि दहा मिनिटे पुलाशी उभे राहिलो असतो तरी खरे-खोटे डोळ्यांनी दिसले असते. शिवाय जाताना आम्ही बसच्या टपावर बोटी बांधूनच सुर्खेत गाठले होते, म्हणजे तो मार्ग आम्हाला ठाऊक नव्हता असेही नाही. पण बोटी ऋषिकेशहून भाड्याने आणलेल्या होत्या आणि त्या परत नेणारा पिकअप त्याच संध्याकाळी सहा वाजता सीमेपलीकडे भारतातील बनबसा येथे आमची वाट पाहणार होता. ही घाईसुद्धा आम्ही होऊन त्याला सांगून टाकली.

त्याच्या ओळखीची बोलेरो पाव तासात आली. गड्डाचौकीच्या सीमेपर्यंत ‘बारा हजार’ ठरले. अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटरचे, चार माणसे, चार बोटी. 12,000 नेपाळी रुपये म्हणजे आपले 7,500, हा हिशेब आम्ही आपापसात केला, भाव जरा चढा असला तरी परवडेल म्हणून होकार दिला. भारतीय 100 रुपये म्हणजे नेपाळी 160, हा दर 1993पासून स्थिर असल्याने हिशेबाला कागद लागत नाही. तेवढ्या नेपाळी नोटा जवळ होत्याही. रुपये कोणते, हा शब्द मात्र आम्ही उच्चारला नाही आणि चालकानेही उच्चारला नाही. त्या भागात भारतीय चलनाला ‘भारू’ किंवा ‘आयसी’ आणि नेपाळी चलनाला ‘नेरू’ किंवा ‘एनसी’ म्हणतात, आणि व्यवहारात तो शब्द आकड्याला जोडूनच बोलला जातो. तो न बोलणे ही निष्काळजी आमची होती. त्याची नव्हती, त्याने तो जाणूनबुजून गिळला होता.

अत्तरियाच्या अलीकडे समोरून एक भरलेली बस आली, थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी. विचारले तेव्हा चालक म्हणाला की आताच सुरू झाल्या असतील.

गड्डाचौकीच्या थोडे अलीकडे, दुकानांपासून दूर, त्याने गाडी थांबवली. आम्ही 12,000 नेपाळी रुपये मोजून दिले. ते त्याने शांतपणे खिशात घातले आणि म्हणाला, ‘दाइ (म्हणजे दादा), ये तो साढ़े सात हुआ. बारा आयसी बोला था.’ उरलेले 4,500 भारतीय रुपये मिळेपर्यंत कॅरिअरवरच्या बोटी सुटणार नाहीत, हे त्याने सांगितले नाही. तो फक्त दोरीच्या गाठीला पाठ लावून उभा राहिला. पावणेसहा वाजले होते, त्याच्या घड्याळात सहा. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटे असते आणि त्या दिवशी ती पंधरा मिनिटेही त्याच्याच बाजूची वाटली.

पुढचा भाग लिहायला मला संकोच वाटतो. आमच्याकडे भारतीय पैसे होते ते 500च्या नोटांत. डिसेंबर 2018मध्ये नेपाळ सरकारने 100हून मोठ्या भारतीय नोटा चालवण्यास मनाई केली होती, त्यामुळे ‘ही नोट इथे चालत नाही’ असे सांगून त्याने प्रत्येक नोट 400ची धरली. शारदा बराज, म्हणजे सीमेजवळचा नदीवरचा बंधारा, ओलांडला की बनबसाच्या बाजारात तीच नोट पुऱ्या 500ला खपते, हे त्याला आमच्याहून जास्त माहीत होते. त्याने अकरा नोटा घेतल्या आणि उरलेले 100 रुपये मोठ्या मनाने सोडले. एकूण 7,500च्या फेरीचे 13,000 गेले. चौकीवर तक्रार करायची, तर हातात ना लेखी काही, ना पावती, आणि आम्ही स्वतः बंदी असलेल्या नोटा घेऊन उभे.

नंतर बोटी ई-रिक्षांवर आडव्या टाकून आम्ही बराज ओलांडला. पिकअपवाल्याने सगळे ऐकून एवढेच विचारले, ‘बोटी आधी उतरवून का नाही घेतल्या?’ त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. चिसापानीहून बसने, बोटींचे टपभाडे धरूनही, आमचे काम या रकमेच्या चौथ्या हिश्शात झाले असते, असे त्याचे म्हणणे पडले.

गेल्या खेपेला आम्ही परतीची गाडी नदीत उतरण्यापूर्वी, सुर्खेतमध्येच, दोन ठिकाणी चौकशी करून ठरवली. कागदावर रक्कम, ‘नेरू’ हा शब्द, गाडीचा क्रमांक आणि ‘बोटी जमिनीवर उतरल्यावर पैसे’ असे लिहून चालकापुढे ठेवले, तेव्हा तो रागावला नाही. त्याने खाली स्वतःच्या अक्षरात ‘डिझेलसाठी 2,000 आगाऊ’ एवढे वाढवले आणि सही केली.