१००० की १०२४? जीबी-टीबीचा हिशेब करताना कोणती मोजणी धरावी

१ टीबीची नवी हार्ड डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली की ९३१ जीबी दिसतात. उरलेले ६९ जीबी कोणी गिळलेले नसतात. डिस्कवर कबूल केल्याप्रमाणे एक लाख कोटी बाइट असतात. बनवणाऱ्याने ते १००० च्या पटीत मोजलेले असतात आणि विंडोज त्यांना तीनदा १०२४ ने भागते. भागून आलेल्या आकड्यापुढे मात्र ते ‘जीबी’च लिहिते, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

दोन्ही मोजण्यांमधला फरक प्रत्येक पायरीला वाढत जातो. केबीला तो २.४ टक्के असतो, एमबीला ४.९, जीबीला ७.४ आणि टीबीला जवळपास १० टक्के. फायली केबीत मोजल्या जायच्या तेव्हा दुर्लक्ष केले तरी चालत होते. आज बॅकअपसाठी डिस्क निवडताना तसे करून चालणार नाही. समजा, विंडोजमध्ये तुमचा डेटा ४८० जीबी दिसतो आहे आणि तुम्ही ५०० जीबीची डिस्क घेताय. वाटते की २० जीबी शिल्लक राहतील. पण ते ४८० म्हणजे १००० च्या मोजणीने ५१५ जीबी होतात, म्हणजे डेटा त्या डिस्कवर मावणारच नाही. म्हणून विंडोजने दाखवलेल्या जीबीला १.०७४ ने आणि टीबीला १.१ ने गुणून मगच डिस्क निवडावी.

१०२४ ची मोजणी चुकीची आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. रॅममध्ये तीच खरी. रॅममधल्या जागांचे पत्ते ० आणि १ च्या अंकांत लिहितात. असे १० अंक घेतले की बरोबर १०२४ पत्ते तयार होतात. त्यामुळे ८ जीबी रॅम म्हणजे ८ गुणिले १,०७,३७,४१,८२४ बाइट, एकही कमी नाही. डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि ४.७ जीबीची डीव्हीडी यांवरचे आकडे १००० चे.

मॅकने २००९ मध्ये स्नो लेपर्ड या आपल्या प्रणालीच्या आवृत्तीपासून १००० ची मोजणी घेतली, म्हणून तीच डिस्क तिथे १ टीबी दिसते. लिनक्समध्ये निवड आपल्या हातात असते: डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’ या आज्ञेपुढे लहान लिपीतला एच दिला तर १०२४ ने भागाकार होतो, मोठ्या लिपीतला दिला तर १००० ने. या दोन्हींची सरमिसळ करणारी फ्लॉपीही होऊन गेली. तिच्यावरचे १.४४ एमबी म्हणजे १४४० गुणिले १०२४, म्हणजेच १४,७४,५६० बाइट. हा आकडा दोन्हींपैकी एकाही मोजणीत बसत नाही!

यावर १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १०२४ च्या मोजणीला वेगळी नावे दिली: किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट, टेबीबाइट. बोलताना ही नावे क्वचितच कानावर पडतात. तरी सर्व्हरची मागणी किंवा तांत्रिक अहवाल लिहायचा असेल, तर मी आग्रहाने सांगेन की १०२४ ची मोजणी धरली असेल तिथे गिबीबाइटच लिहा. वाचणाऱ्याला मग अंदाज करत बसावे लागत नाही.

इंटरनेटच्या वेगाचा हिशेब १००० चाच, फक्त तो बिटमध्ये असतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी येतात. या वेगाने १ टीबीचा बॅकअप चढवायला, वेग जराही न घटता, २२ तासांहून अधिक लागतील.

एवढे करूनही दोन आकडे जुळत नसतील, तर थेट बाइट पाहा. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीज उघडल्या की आकाराशेजारी कंसात बाइटची पूर्ण संख्या दिलेली असते. ती १००० ने भागा किंवा १०२४ ने, मूळ संख्या सगळीकडे तीच राहते.