काळ्या मातीच्या मुलखात कूपे: महिंद्रा बीई 6 चा नऊ महिन्यांचा अनुभव

एप्रिल 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात महिंद्राची विजेवर चालणारी गाडी बीई 6 धामणगाव रेल्वे तालुक्यातील आमच्या गावात आली आणि या जानेवारीत तिचे 14,800 किलोमीटर पूर्ण झाले. मी कास्तकार आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही आमची पिके. गाड्यांचा शौक मात्र शाळेच्या वयापासूनचा आहे, आणि उतरत्या छताची, वेगवान कूपे आपल्या दारात असावी ही इच्छाही तितकीच जुनी. आजवर ती पुरी होण्यासारखी नव्हती, कारण जमिनीला टेकलेली खरी स्पोर्ट्स कूपे आमच्या पांदण रस्त्यावर पहिल्याच चाकोरीत अडकली असती. या गाडीत कूपेचा उतार आणि जमिनीपासून 207 मिलिमीटर उंची या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या, म्हणून मी 79 किलोवॅट-तास बॅटरीची गाडी घेतली.

डिझायनर प्रताप बोस यांच्या नेतृत्वाखाली घडलेली ही रचना 26 नोव्हेंबर 2024 रोजी चेन्नईत पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून आमच्या शौकीन मित्रमंडळात तिच्यावर वाद चालू आहे. पुलगावच्या एका गॅरेजमध्ये तीस वर्षे काम केलेल्या मिस्त्रींचे मत असे की पत्र्यावर इतक्या धारदार घड्या घातल्या की नजर कुठेच ठरत नाही आणि दहा वर्षांनी ही गाडी जुनी दिसेल. अमरावतीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याला नेमक्या त्याच घड्या आवडतात. माझे स्वतःचे मत पहिल्या महिन्यात भाच्याच्या बाजूचे होते; आता ते थोडे बदलले आहे. समोरून पाहिल्यास, विशेषतः इंग्रजी सी अक्षरासारखे दिवे लागलेले असताना, गाडी आजही मला आवश्यकतेपेक्षा आक्रमक वाटते. पण संध्याकाळी वावरातून परतताना ती अंगणात आडवी उभी दिसते, तेव्हा छताची ती एक रेघ समोरच्या काचेपासून मागच्या दिव्यापर्यंत न तुटता उतरते आणि तिच्यासाठी बाकी सर्व मान्य करावेसे वाटते. मागच्या दाराची मूठ काचेशेजारच्या खांबात लपवली आहे, त्यामुळे बाजूने पाहणाऱ्याला ही दोन दारांचीच गाडी वाटते. गावातील प्रत्येक नवा पाहुणा मागे बसायच्या वेळी मूठ शोधत थांबतो, आणि ती दाखवणे हे घरातील लहान मुलांचे आवडते काम झाले आहे.

या रेघेची किंमत मागे बसणाऱ्याने मोजायची असते, हे कूपे घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावे. माझे बाबा उंच आहेत आणि डोक्यावर पांढरी टोपी घालतात. मागच्या आसनावर ताठ बसले की टोपी छताला घासते, म्हणून ते आता पुढेच बसतात. मागची काच तिरकी आणि अरुंद असल्यामुळे आरशात रस्त्याची फक्त एक पट्टी दिसते. गाडी मागे घेताना मी पूर्णपणे कॅमेऱ्यावर विसंबतो. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगावर चिखल बसला की उतरून रुमालाने पुसण्याला पर्याय नाही. सामानाची जागा मात्र भरपूर आहे, मागे 455 लिटर आणि पुढच्या झाकणाखाली 45 लिटर.

आत बसल्यावर चालकाभोवती एक पट्टी समोरून खाली मधल्या भागापर्यंत उतरते आणि त्याची जागा शेजारच्या आसनापासून वेगळी करते. लढाऊ विमानाची आठवण करून देणारी ही मांडणी मला मनापासून आवडते. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की यात शेजारी बसणाऱ्याचा विचार कमी झाला आहे, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. दार आतून ओढण्यासाठी कापडी पट्टा दिला आहे. शेतीकामाच्या हातांनी तो लवकर मळतो. ओल्या फडक्याने आणि थोड्या साबणाने पुसला की निघतो. 12.3 इंचांचे दोन पडदे समोर आहेत. वातानुकूलनासारख्या वारंवार लागणाऱ्या गोष्टींसाठी, चालत्या गाडीत, मला आजही पडद्यापेक्षा बोटाला समजणारे बटण हवे असते.

आता चालवण्याविषयी, कारण गाडी घेतली ती त्यासाठीच. मोटार मागच्या चाकांना जोर देते. ताकद 286 पीएस, पीळ 380 न्यूटन-मीटर, आणि थांबलेल्या स्थितीतून ताशी 100 किलोमीटर गाठण्यास कंपनीच्या सांगण्यानुसार 6.7 सेकंद लागतात. समृद्धी महामार्गावर कारला ताशी 120 ची मर्यादा आहे, त्यामुळे तिथे या ताकदीचे काहीच काम पडत नाही. तिचे खरे मोल दुपदरी राज्य रस्त्यावर कळते. डिसेंबरात जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या असतात, समोरचे दिसत नाही, आणि जुन्या डिझेल गाडीत ओलांडण्याची संधी येईपर्यंत पाच-सात किलोमीटर मागे राहावे लागे. या गाडीत सरळ रस्ता मोकळा दिसला की पाय दाबताक्षणी, गिअर बदलण्याची वाट न पाहता, ती ट्रॉली मागे पडते आणि विरुद्ध बाजूला घालवायचा वेळ निम्म्याहून कमी होतो. वेगापेक्षा मला ही सुरक्षितता जास्त मोलाची वाटते.

मिस्त्रींना इंजिनाचा आवाज नसणे खटकते, आणि ज्याने मोठ्या इंजिनाची गाडी एकदा चालवली आहे त्याची ही तक्रार मी समजू शकतो. पण संध्याकाळी गोधन गावात परतत असते तेव्हा ही गाडी शेजारून हळू नेली तर बैल बुजत नाहीत, हेही मी रोज पाहतो. एकाच पेडलने वेग वाढवण्याची आणि कमी करण्याची सोय गावोगावच्या गतिरोधकांवर फार उपयोगी पडते. वळण्याचा व्यास 10 मीटर असल्यामुळे आमच्या अरुंद बोळात ती जुन्या गाडीपेक्षा सहज वळते, जरी रुंदी 1,907 मिलिमीटर असल्याने एखाद्या घराच्या ओट्याजवळून नेताना श्वास रोखावा लागतो.

कागदावर या बॅटरीचा पल्ला 680 किलोमीटरहून अधिक आहे. मला राज्य रस्त्यावर 70 ते 80 च्या वेगाने सुमारे 510 आणि मे महिन्यात, समृद्धीवर 110 च्या पुढे, वातानुकूलन चालू ठेवून सुमारे 410 किलोमीटर मिळाले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे हा फरक अपेक्षितच आहे. नागपूरला जाऊन परत येण्यास दोन्ही वेगांत चार्जिंग लागत नाही. महामार्गावर एकदाच वाईट अनुभव आला. वाशिमच्या पुढे एका चार्जिंग केंद्रावरील दोनपैकी एक यंत्र बंद होते आणि दुसऱ्यावर रांग होती, म्हणून दीड तास गेला. तेव्हापासून 30 टक्के उरले असतानाच थांबण्याची सवय मी लावून घेतली आहे.

घरच्या चार्जिंगसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अर्थिंग आहे. आमच्याकडे वायरिंग करणाऱ्याने सुरुवातीला बोअरच्या मोटारीचेच अर्थिंग भिंतीवरच्या चार्जरला जोडले. चार्जरने लाल दिवा दाखवला आणि गाडीत वीज घेण्यास नकार दिला. मग गोठ्यामागे वेगळा खड्डा खोदून, कोळसा आणि मीठ भरून, मीटरपासून जाड तांब्याची स्वतंत्र केबल ओढली, तेव्हा काम झाले. 7.2 किलोवॅटच्या चार्जरवर पूर्ण रिकामी बॅटरी भरण्यास साडेअकरा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. पण रिकामी होऊ देतो कोण? मी रात्री नऊला जोडतो आणि सकाळी गरजेपुरती भरलेली असते. बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची आहे, जी उष्णतेत तुलनेने स्थिर राहते. अशा बॅटरीला अधूनमधून 100 टक्क्यांपर्यंत भरल्याने उरलेल्या चार्जचा अंदाज अचूक राहतो, म्हणून रविवारी ती पूर्ण भरतो.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, अकोल्याला एका लग्नाला गेलो होतो. तीन तास उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसून काचेच्या छताला आतून तळहात लावला, तर चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्याच्या कडेसारखा चटका बसला. काचेचे छत दिसायला सुंदर आहे, रात्री त्यावरची प्रकाशनक्षी मुलांना फार आवडते, पण आमच्या भागात त्याला आतून पडदा आवश्यक आहे. मी तो मापाने शिवून घेतला. निघण्याआधी दहा मिनिटे फोनवरून वातानुकूलन चालू करण्याची सोय हे या गाडीचे विदर्भातील सर्वांत उपयुक्त वैशिष्ट्य आहे, असे मी विचारपूर्वक लिहितो.

जुलैत काळ्या मातीने वेगळी परीक्षा घेतली. चाकांच्या कमानीत चिखल ठासून बसतो आणि वाळला की दगडासारखा होतो. तो खरवडू नये, आधी पाण्याने भिजवून अर्धा तास ठेवावा आणि मग पाइपच्या धारेने काढावा, नाहीतर रंगाला ओरखडे पडतात. पांदणीवरच्या एका फुटक्या नळीच्या कडेने पुढच्या टायरची बाजू कापली गेली. 19 इंचांच्या चाकाचा तो टायर तालुक्यात कुठेच नव्हता, अमरावतीहून येण्यास दोन दिवस लागले. त्यानंतर वावरात जाण्यासाठी मी पुन्हा मोटारसायकल काढली आहे आणि ही गाडी पांदणीच्या तोंडाशी, बाभळीखाली उभी ठेवतो.

पुढच्या उन्हाळ्याआधी गोठ्याशेजारी टिनाचे शेड घालायचे ठरले आहे. खांब रोवून झाले. पत्रे तुरीचे पैसे हाती आल्यावर येतील.